मोडेमला विश्रांती

आलोशियस तुस्कानोंनी आयुष्यात एकही मोटर जाळली नव्हती, आणि ही गोष्ट ते कुणालाही, विचारलं नसताना, सांगायचे. भुईगावच्या त्यांच्या वाडीतला विहिरीवरचा पंप सव्वीस वर्षं चालला. आजूबाजूच्यांचे पंप दर दोन-तीन वर्षांनी वाइंडिंगला जायचे, यांचा कधी नाही. कारण एकच. केळीला पाणी सोडलं की हा माणूस तासाभराने मोटरीच्या अंगावर तळहात ठेवायचा. चटका बसला की बटण बंद, पंधरा मिनिटं विश्रांती, मग पुन्हा चालू. "लोखंड झालं म्हणून काय झालं," ते म्हणायचे, "त्यालाही दम लागतो." आता अशा माणसाला वाईट कोण म्हणेल? पण चांगला माणूस मनापासून जो घोळ घालतो, तो वाईट माणसाला जन्मात जमत नाही.

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या ऑक्टोबरातली. आलोशियस तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि वाडी त्यांनी दुसऱ्याला अर्धेलीने करायला दिली होती. मुलगा शेल्डन जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. घरात ते, त्यांची बायको फ्लॉसी आणि सून स्टेफी.

फ्लॉसीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय बराचसा सुधारला, हात अर्धामुर्धा, पण जीभ काही ताळ्यावर आली नाही. डोकं मात्र शाबूत. काय बोलायचं ते तिला पक्कं माहीत असायचं, पण शब्द तोंडातून चुरगळून बाहेर पडायचे. आलोशियसना त्यातलं काही म्हणजे काही कळत नसे. ते दोनदा "काय? काय गं?" करायचे, तिसऱ्यांदा विचारायचा धीर व्हायचा नाही, आणि मग एकदम काहीतरी काम आठवून वाडीत निघून जायचे. अर्धेलीने दिलेल्या वाडीत मालकाला एवढं काय काम असतं, हे देव जाणे.

फ्लॉसीचं बोलणं घरात एकाच माणसाला कळायचं, ते म्हणजे स्टेफीला. कारण तिचा धंदाच तो होता. अंधेरीच्या एका कंपनीत ती मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम करायची. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे काही पुटपुटतात, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि नीट टाइप करून परत पाठवायचं. ते डॉक्टर काही आपल्यासाठी घसा साफ करून बोलत नाहीत. कुणी खाता खाता बोलतो, कुणी जांभई देत, कुणाच्या मागे नळ चालू. पायाखालच्या पेडलने आवाज मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचा, पुन्हा मागे घ्यायचा. अशा कानाला सासूचं बोलणं काय जड?

पण हा कान सकाळी सातला घराबाहेर पडायचा तो रात्री आठला परत यायचा. मधले तेरा तास फ्लॉसी जवळजवळ मुकी. दिवसा ठेवलेली बाई तिच्या प्रत्येक बोलण्याला "हां आजी, हां" म्हणून मोकळी व्हायची. जूनमध्ये एकदा त्या बाईने शेकायला म्हणून फ्लॉसीच्या अधू पायाला गरम पाण्याची पिशवी बांधून ठेवली. फ्लॉसी तासभर सांगत होती. बाई "हां आजी" म्हणत होती, आणि आलोशियस "काय गं?" करून वाडीत गेले होते. रात्री स्टेफीने चादर बाजूला केली तर पोटरीवर तळहाताएवढा फोड. त्या रात्री आलोशियसना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेफी ऑफिसात जाऊन भांडली आणि घरून काम करायची परवानगी मागून आली.

कंपनीने सप्टेंबरअखेर परवानगी दिली, पण एक महिन्याच्या बोलीवर. ऑक्टोबरभर लाईन कशी चालते ते बघायचं. तिथल्या सुपरवायझर उन्नती मॅडमनी स्वच्छ सांगितलं, की घरच्या ब्रॉडबँडची लाईन किती वेळा तुटते आणि स्पीड किती मिळतो, याची नोंद ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आपोआप होते. लाईन टिकली तर कायमचं घरून काम. नाही टिकली तर एक नोव्हेंबरपासून पुन्हा अंधेरी, आणि पुन्हा ते तेरा तास.

तयारीत काही कसर नव्हती. फ्लॉसीचा भाचा अँथनी वालीवला वर्कशॉपमध्ये इन्व्हर्टर बनवायचा. त्याने स्वतः येऊन बॅटरी बसवून दिली, म्हणजे लोडशेडिंगची चिंता मिटली. टेलिफोनवाल्यांचा लाईनमन हरेश्वर खांबावरून नवी वायर ओढून गेला. हॉलमध्ये, येशूच्या तसबिरीखालच्या फळीवर मोडेम बसलं, त्याच्याजवळ स्टेफीचं टेबल आणि टेबलाच्या बाजूला फ्लॉसीची खुर्ची. दोन एमबीची लाईन. डॉक्टरांच्या आवाजाची फाइल मिनिटभरात उतरायची. पहिले चार दिवस तर घरात सणच होता. स्टेफी कामातून मान वर करायची, "काय मम्मी?" म्हणायची, फ्लॉसी काहीतरी बोलायची आणि दोघी हसायच्या. आलोशियसना विनोद कळायचा नाही, पण हसणं कळायचं.

पाचव्या दिवशी आलोशियसनी मोडेमवर तळहात ठेवला.

चांगलंच तापलं होतं. सकाळपासून चालू, जराही उसंत नाही! एवढंसं यंत्र, त्याच्यावर सुनेची नोकरी आणि बायकोची वाचा, आणि कुणाला त्याची दया नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. स्टेफी फ्लॉसीसाठी मऊ भाताचं खिमट आणायला स्वयंपाकघरात गेली होती. त्यांनी हळूच बटण बंद केलं. खुर्चीतून फ्लॉसी बघत होती. तिला त्यांनी ओठांवर बोट ठेवून खूण केली, की झोपलंय, झोपू दे.

स्टेफीला सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण ती आधीच दमलेली, तिला कशाला असल्या बारीकसारीक गोष्टीचा ताप? ती परत कामाला बसायच्या आत त्यांनी बटण चालू केलं. मग तो रिवाजच पडला. एक वाजता फ्लॉसीचं जेवण, तेव्हा एकदा. चारला स्टेफी तिच्याकडून तोंडाचे व्यायाम करून घ्यायची, तेव्हा एकदा. आणि सातच्या रोझरीला सगळे गुडघ्यांवर टेकण्याआधी एकदा. प्रार्थनेच्या वेळी माणसं काम थांबवतात, मग यंत्राने काय पाप केलंय?

स्टेफी परत टेबलाशी बसली की कॉम्प्युटर सांगायचा, लाईन तुटली होती, पुन्हा लॉगिन करा. ती करायची. आठवड्याने तिच्या ध्यानात आलं की फाइल उतरायला मिनिटाऐवजी दोन मिनिटं लागतायत. दोन एमबीची लाईन एकावर आली होती. मग ती अर्ध्या एमबीवर, म्हणजे पाचशे बारावर आली. तिने जेवताना हे सांगितलं, तेव्हा आलोशियसनी मान हलवली. त्यांच्या मते रोग उघड होता, मोडेम थकत चाललंय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विश्रांती तीनवरून पाचवर नेली. स्टेफी आंघोळीला गेली की एक, आणि कपडे वाळत घालायला गेली की आणखी एक. आजार वाढला की औषध वाढवायचं, एवढं शहाणपण तर कुणालाही असतं!

आणि दोष कुणाचा? अर्थात हरेश्वरचा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आलोशियसनी दुसऱ्यांच्या बाबतीत शंभरदा वापरली असेल. त्यांनी एक्स्चेंजच्या साहेबांना एकापाठोपाठ तीन पत्रं लिहिली, की आपल्या लाईनमनने जुनी कुजकी वायर वापरून एका आजारी बाईच्या जिवाशी खेळ मांडला आहे. हरेश्वर बिचारा चारदा आला. खांबावरचा जॉइंट बदलला, नारळावरून आलेली वायर बदलली, घरातली पेटी बदलली. दर खेपेला लाईन तपासायचा आणि डोकं खाजवत म्हणायचा, "काका, लाईन तर चोख हाय." वरून साहेबाने त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला, तो वेगळाच.

वीस तारखेला उन्नती मॅडमचा फोन आला. स्टेफी फोनवर फक्त "हो मॅम, हो मॅम" म्हणत होती. महिना संपायच्या आत तिच्या लाईनीचे साठावर ब्रेक झाले होते आणि स्पीड दोनशे छप्पनवर येऊन बसला होता. एकतीसला अंधेरीला येऊन भेट, त्या दिवशी काय ते ठरवू, असं मॅडम म्हणाल्या होत्या. फोन ठेवून स्टेफी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज कशासाठी असतो ते आलोशियसना कळत होतं. ते दारापर्यंत गेले आणि परत आले.

रोझरी झाल्यावर फ्लॉसी स्टेफीला काहीतरी म्हणाली. स्टेफी तिचा गाऊन सारखा करत बसली.

"काय म्हणाली गं?" आलोशियसनी विचारलं.

"विचारतायत, मी पुन्हा रात्री आठला येणार का."

आलोशियस उठून अंगणात गेले आणि त्यांनी चौथ्या पत्राचा मजकूर मनात जुळवायला घेतला.

पत्र लिहायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच हरेश्वर दारात उभा. हातात दोरी नव्हती, पक्कड नव्हती, फक्त एक कागद होता. चेहराही नेहमीसारखा पडलेला नव्हता.

"स्टेफीबाय, जरा बसा," तो म्हणाला. "मी एक्स्चेंजमधून तुमच्या लाईनीचा सगला हिशोब काढून आनलाय. हे बगा. एक वाजून पाच मिनिटं, लाईन गेली. एक वीसला आली. चार वाजता गेली, सव्वाचारला आली. सातला पाच कमी, गेली. रोज. आता मला सांगा, वायर कुजली तर ती घड्याल बगून तुटते काय?"

स्टेफीने कागद ओढून घेतला.

"आनि स्पीड कोनी कमी नाय केला," हरेश्वर बोलत होता. "मानूस नाय बसलेला तितं. तितं मशीन हाय, आपोआप चालतंय. लाईन सारखी सारखी तुटाया लागली की ते मशीन समजतं, ही लाईन कच्ची, हिला जोर झेपत नाय. मग ते स्पीड खाली आनतं. परत तुटली की आनखी खाली. खडूस सासूसारखं हाय ते, एकदा मनात घेतलं की सून कामाची नाय, की..." इथे त्याचं लक्ष खुर्चीतल्या फ्लॉसीकडे गेलं आणि त्याने जीभ चावली. "म्हंजे तसं. आनि त्याला खरी तुटलेली लाईन नि बंद केलेलं मोडेम यातलं काय कलत नाय. दोनी सारकंच."

"बंद केलेलं?" स्टेफी म्हणाली.

"मंग काय. पंधरा-पंधरा मिनिटं. कोनतरी बटन दाबतंय."

आलोशियस खिडकीपाशी उभे होते. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीची त्यांनी गावभर बढाई मारली, ती अशी त्यांच्याच घरावर उलटली होती. त्यांनी सुनेच्या पोटावर पाय दिला होता, फ्लॉसीच्या तोंडाला कुलूप घालत आणलं होतं, आणि तेही रोज पाच वेळा, मायेने. आत्ता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण तीन पत्रं एक्स्चेंजच्या फायलीत होती, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिली तो समोर उभा होता. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

स्टेफीचा सासऱ्यावर संशय गेला नाही. तिला वाटलं कामवाली झाडूपोछा करताना बटण पाडते की काय. ती फ्लॉसीच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. दिवसभर त्या खोलीत फ्लॉसीच तर असायची.

"मम्मी, तुम्ही इथेच असता ना. मोडेम कोण बंद करतं?"

फ्लॉसीने सुनेकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताठ झाली. तिने एकेक अक्षर उचलून ठेवलं.

"लाईट. जा-ते."

"मम्मी, पण इन्व्हर्टर आहे ना?"

"लाईट," फ्लॉसी हट्टाने म्हणाली. "लाईट."

दोन वर्षांत आलोशियसना मध्ये कुणी न सांगता समजलेलं तिचं ते पहिलं वाक्य होतं. आणि ते खोटं होतं. ते कुणासाठी होतं तेही त्यांना लगेच समजलं. स्टेफी अंधेरीला गेली असती तर तेरा तास गप्प कुणाला बसावं लागणार होतं? हिलाच. तरी ही बाई, जिला एक शब्द काढायला डोंगर चढावा लागतो, ती नवऱ्याची अब्रू झाकायला दोन शब्द काढत होती. आलोशियसच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"लाईट नाही," ते म्हणाले. "मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तळहात, चटका, पंधरा मिनिटं, पंप, सगळं. स्टेफी कागद हातात घेऊन ऐकत राहिली. तिला राग आला होता, आणि का येऊ नये? "पप्पा, एकदा विचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली, पण ते लागायचं तिथे लागलं. हरेश्वरने मान खाली घातली. शेवटी तोच म्हणाला, "काका, मोडेम गरमच असतं. त्याला काय होत नाय."

"उद्या मी तुझ्या साहेबाकडे येतो," आलोशियस म्हणाले. "तीन पत्रं लिहिली, आता चौथं माझ्याविरुद्ध लिहितो."

"ते नंतर बगू. आदी लाईनचं बगा. आता मोडेमला हात नाय लावायचा. त्या मशीनला सलग आठ-दहा दिवस लाईन चालू दिसली, की ते आपोआप स्पीड वर नेतं. आपन सांगून ऐकत नाय ते."

एकतीस तारखेला दहा दिवस उरले होते.

आलोशियस सांगितल्याप्रमाणे एक्स्चेंजात जाऊन आले, साहेबासमोर हरेश्वरची माफी मागून आले, आणि मग त्यांनी खुर्ची आणून मोडेमसमोर ठाण मांडलं. झाडूवाली जवळ आली की "बाजूला, बाजूला!" लाईट गेली की इन्व्हर्टर बोलला का ते बघायचं. बाकी काम शून्य. ज्या माणसाने जन्मभर काहीतरी चालू करायचं किंवा बंद करायचं एवढंच केलं, त्याला काहीही न करणं किती जड जातं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. वाडीत पळायची सोय राहिली नव्हती. आणि शेजारच्या खुर्चीत, हातभर अंतरावर, फ्लॉसी.

पहिल्या दिवशी ती काहीतरी म्हणाली. आलोशियसनी सवयीने स्टेफीकडे पाहिलं. स्टेफीच्या कानांवर हेडफोन होते. बहुधा मुद्दामच तिने मान वर केली नाही. त्यांनी "काय?" विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिसऱ्यांदा विचारलं, आणि चौथ्यांदा. फ्लॉसीलाही घाई नव्हती. पाचव्या खेपेला त्यांना कळलं, की तिला खिडकीचं दार ओढून घ्यायला हवंय. एवढंच. ते उठले, दार ओढलं, आणि परत बसले तेव्हा त्यांना पाणी उपसून दमल्यासारखं झालं होतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी, चहा, उशी, ऊन एवढं जमू लागलं. तिचा "स" नुसती हवा असतो आणि "र" ती गिळते, हे त्यांनी ताडलं. पाचव्या दिवशी ती एक लांब वाक्य बोलली. त्यांनी ते चारदा बोलायला लावलं, आणि चौथ्यांदा कळलं तेव्हा वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"तू वाडीत का पळतोस?"

आलोशियसनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझं बोलणं कळत नाही, फ्लॉसी. तू सांगतेस आणि मला कळत नाही. लाज वाटते. त्या पिशवीच्या दिवशीपण तू मला सांगत होतीस ना?"

फ्लॉसीने होय म्हणून मान हलवली. मग तिचा बरा हात पुढे आला आणि त्यांच्या गुडघ्यावर बसला.

सातव्या दिवशी दुपारी स्टेफी एकदम ओरडली. फाइल चार मिनिटांत उतरली होती. स्पीड पाचशे बारा. आलोशियसनी खुर्चीतूनच येशूच्या तसबिरीला हात जोडले आणि चुकूनही मोडेमकडे हात नेला नाही. तीस तारखेला लाईन एक एमबीवर आली. दोन नव्हे, एक. मशीन अजून रुसलेलंच होतं.

एकतीसला पहाटे स्टेफी तयार झाली. मॅडमची भेट दुपारी, पण त्याआधी तिथे बसून दिवसाचं काम पुरं करायचं होतं, म्हणजे जाऊन येऊन तेच तेरा तास. झाडूवालीला तिने दिवसभर थांबायला सांगितलं होतं. आलोशियसनी तिला परस्पर परत पाठवलं.

"पप्पा, नक्की?" स्टेफी दारात घुटमळली.

"जा तू. गाडी चुकेल."

रात्री आठला स्टेफी फाटकातून आत आली ती जवळजवळ धावतच. मॅडमनी लाईनीचे शेवटचे दहा दिवस बघितले होते. एकही ब्रेक नाही. बोलणं झालं, थोडी खेचाखेच झाली, आणि घरून काम मंजूर झालं. दर महिन्याला एकदा ऑफिसात यायचं, बस. ती हे सगळं पायरीवरूनच ओरडून सांगत आली. आलोशियसनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस केला. फ्लॉसीच्या तोंडाचा बरा कोपरा वर गेला.

स्टेफीने पर्स ठेवली, आधी सासूचे पाय बघितले, पोटऱ्या बघितल्या, उशी बघितली. सगळं जागच्या जागी होतं. मग ती सासूपुढे जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बोला मम्मी, दिवसभराचं सांगा. पप्पांना काय काय कळलं नाही?"

"ए, मला विचार," आलोशियस म्हणाले. "सकाळी म्हणाली चहात साखर कमी आहे. दहा वाजता म्हणाली बहिणीला, रोझलिनला फोन लाव, तिच्या नातीचं काय झालं विचार. लावला. दुपारी म्हणाली माशाला आंबट जास्त झालं, तुझ्या हाताचं बरं असतं. चार वाजता म्हणाली ते तोंडाचे व्यायाम आज नको, आज मी खूप बोलले."

"आणि मग?"

"मग संध्याकाळी आणखी एक म्हणाली."

"काय?"

आलोशियसनी फ्लॉसीकडे पाहिलं. फ्लॉसीने त्यांच्याकडे पाहिलं आणि बऱ्या हाताआड हसली, सत्तरीच्या घरातली बाई, तरुण पोरीसारखी.

"ते," आलोशियस म्हणाले, "तुला नाही सांगायचं."